जुन्या गाडीचा क्लच : आधी निदान, मग खर्च

आपल्या अनेक व्यापारी बांधवांकडे मालाची ने-आण करण्यासाठी जुनी ओम्नी असते. ही गाडी 1984 साली बाजारात आली आणि 2019 साली तिचे उत्पादन बंद झाले. तरीही पेठेत आणि लूमच्या गल्ल्यांत ती अजून दिसते. अशा जुन्या गाडीच्या मालकाला कधी ना कधी गॅरेजमध्ये एक वाक्य ऐकावे लागते : "सेठ, प्लेट गेली." आपण मान डोलावतो, गाडी सोडतो आणि संध्याकाळी बिल भरून येतो. मीही तेच केले आणि एका वर्षात दोनदा गिअर बॉक्स उतरवण्याची मजुरी भरली. कापड घेताना आपण ताग्याची घडी उलगडून, उजेडात धरून पाहतो. गाडीच्या बाबतीत मात्र डोळे मिटून घेतो.

मजुरीचा मुद्दा आधी समजून घ्यावा. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली आणि ताकद मागच्या चाकांना. क्लच इंजिन व गिअर बॉक्स यांच्या मध्ये बंद असतो. तो नुसता पाहायचा म्हटले तरी मागचा लांब शाफ्ट सोडवून गिअर बॉक्स खाली घ्यावा लागतो. म्हणून उघडण्यापूर्वी जेवढे बाहेरून कळेल तेवढे कळून घेणे फायद्याचे.

क्लचचे काम अवघड नाही. इंजिनच्या मागे फ्लायव्हील हे जड चाक फिरत असते. त्याला अस्तर लावलेली क्लच प्लेट टेकते आणि तिच्यावर प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोराने दाबून बसते. पेडल दाबले की केबल एका फोर्कला ओढते, फोर्क रिलीज बेअरिंगला ढकलतो, बेअरिंग स्प्रिंगची बोटे दाबते आणि प्लेट मोकळी होते. पाय उचलला की पुन्हा घट्ट. तक्रार बहुधा दोनच प्रकारची असते : प्लेट घट्ट बसत नाही, किंवा मोकळी होत नाही. या दोन्हींचा इलाज वेगळा आहे आणि गफलत इथेच होते.

घट्ट बसत नसेल तर त्याला स्लिप होणे म्हणतात. भरलेली गाडी चढावर आहे, ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी पुढे जात नाही, आणि जळका वास येतो. मोकळ्या जागेत याची परीक्षा करता येते. समोर कोणी उभे नसावे. हँडब्रेक पक्का ओढून तिसरा गिअर टाका, थोडा रेस देऊन पाय हळूहळू उचला. क्लच चांगला असेल तर इंजिन गचका देऊन बंद पडेल. पाय पूर्ण उचलूनही ते चालूच राहिले, तर क्लच घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच करावी. चार वेळा केली तर उरलेली प्लेटही जाळून टाकाल.

प्लेट मोकळी होत नसेल तर गिअर पडायला त्रास होतो, विशेषतः रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो. इथे प्लेट झिजलेलीच असेल असे मुळीच नाही. बहुतेक वेळा केबल ताणलेली किंवा तिचे तार तुटत आलेले असतात. केबल बदलायला गिअर बॉक्स उतरवावा लागत नाही.

आता पेडलच्या 'प्ले'कडे या. याकडे सर्वात कमी लक्ष दिले जाते. पेडल हाताने हलकेच दाबा. सुरुवातीला ते जड न लागता थोडे खाली जायला हवे. छोट्या गाड्यांत हे अंतर साधारण 15 ते 25 मिलिमीटर असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत पाहावा. प्लेट झिजत जाते तसा हा प्ले कमी होतो. केबल ताणली की उलट तो वाढतो. प्ले अजिबात नसेल तर बेअरिंग सतत स्प्रिंगवर दाबून राहते, म्हणजे तुमचा पाय नसतानाही क्लच अर्धा दाबलेला. मग चांगली प्लेटसुद्धा घसरते आणि जळते. केबलच्या टोकाचा नट थोडा सैल केला की प्ले परत मिळतो. दहा मिनिटांचे काम आहे. परंतु नट आट्यांच्या अगदी टोकाशी आला आणि तरीही प्ले मिळत नसेल, तर प्लेट खरोखर संपत आली असे समजावे. जुनी गाडी विकत घेतानाही हा नट वाकून जरूर पाहावा. विकणारा गोड बोलेल, नट बोलणार नाही, पण खरे सांगेल.

आवाजाचेही तसेच. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेले असताना आवाज आणि दाबल्यावर बंद, तर संशय गिअर बॉक्समधील बेअरिंगवर. तिथे क्लच बदलून काहीही फायदा नाही. गाडी उचलताना थरथरत असेल तर प्लेटवर तेल आले असेल, किंवा इंजिनचे फाउंडेशन रबर फाटले असेल. रबर आधी पाहा. ते स्वस्त आहे.

तेलाचा विषय निघाला म्हणून माझा किस्सा सांगतो. भिवंडीहून माल भरून नाशिकला येत होतो. कसारा घाटात गाडी स्लिप होऊ लागली. कशीबशी वर आणली. मेकॅनिकने प्लेट बदलली, गाडी घोड्यासारखी पळाली. चार महिन्यांनी त्याच घाटात तोच वास. दुसऱ्या एका जुन्या मिस्त्रीने गिअर बॉक्स उतरवून मला जवळ बोलावले आणि नवी प्लेट दाखवली : अस्तर जाड होते, पण तेलाने काळे. इंजिनच्या मागच्या बाजूचे ऑइल सील गळत होते. पहिल्या वेळी ते समोर उघडे पडले होते, तरी कोणी बदलले नाही. सीलची किंमत एका जेवणाइतकी असेल. त्यासाठी प्लेट गेली, मजुरी गेली आणि लग्नसराईतले तीन दिवस गाडी उभी राहिली. ते गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेले ते वेगळेच!

म्हणून गिअर बॉक्स खाली आला की स्वतः जाऊन उभे राहावे. तेल दिसले तर ते कुठले हे विचारावे. गिअर ऑइल दाट असते, त्याला गंधकासारखा उग्र वास येतो; ते असेल तर सील गिअर बॉक्सकडचे. नुसती प्लेट न बदलता प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा पूर्ण सेट बदलावा. बेअरिंग वाचवले आणि सहा महिन्यांनी ओरडू लागले, तर मजुरी पुन्हा तेवढीच. फ्लायव्हीलवर निळसर चट्टे किंवा बारीक भेगा असतील तर ते लेथवाल्याला दाखवावे. जुना भाग मागून घ्यावा; रिव्हेटची डोकी अस्तराच्या बरोबरीला आली असतील तर निदान खरे होते, नसतील तर कारण दुसरे शोधायला हवे. आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, काम करणारी पोरे तिथेच श्वास घेत असतात.

ड्रायव्हरलाही दोन शब्द सांगून ठेवावेत. चालत्या गाडीत पाय पेडलवर टेकवून ठेवायचा नाही, आणि चढावर गाडी थांबवायची ती ब्रेकवर, हाफ क्लचवर नाही. नवा क्लच बसवल्यानंतर पहिले काही दिवस माल थोडा कमी भरावा. आठवड्याभराने प्ले पुन्हा तपासावा; नवी केबल टाकली असेल तर ती थोडी ताणलेली सापडेल आणि नट एक-दोन आटे आवळावा लागेल.