खिळविलेलीं पानें

संगणकाची स्मृति पानांत विभागलेली असते. एक पान बहुधा ४०९६ बाइटांचें. कर्नेल हा तिचा कोठीवाला; सोयीनुसार तो पानें इकडून तिकडे हलवितो. भंडाऱ्याच्या भातकोठारांत गाडीवानास सातवा खण सांगून धाडलें व मागाहून खण बदलला, तर धान्य दुसऱ्याच्या राशीवर पडेल. तद्वत् डिस्क एका पानावर थेट लिहीत असतां तें पान हललें, तर एकाचा मजकूर दुसऱ्याच्या जागीं उमटून नासाडी होईल. म्हणून कर्नेल तें पान खिळवून ठेवितो. परंतु काम होतांच खीळ काढावीच लागते. नाहीं तर जागा अडून राहते. पानाची केवळ नोंद धरली आहे, कीं त्यांतील मजकुरास हात घातला जात आहे, हा भेद लिनक्स कर्नेल २०२० पासून स्पष्ट राखितो. विद्यार्थ्यांनो, धरून ठेवणें जितकें अगत्याचें, तितकेंच वेळेवर सोडणेंही.