रामटेक: गड, अंबाळा आणि पायऱ्यांवर राहून जाणारं बरंच काही

रामटेकवर एक भाग करा, असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं. मी तिथलाच, त्यामुळे "काय काय बघायचं?" याचं माझं उत्तर "सगळंच" असं येतं आणि ते कुणाच्या उपयोगाचं नसतं. पण एका ताईंचा निरोप आला आणि भागाला दिशा मिळाली. त्यांना आईच्या अस्थी घेऊन अंबाळ्याला यायचंय. सोबत वडील आहेत, त्यांचे गुडघे गेलेत, पण रामाचं दर्शन घेतल्याशिवाय परत जायचं नाही असं ते म्हणतात. जमेल का?

जमेल. पण त्यासाठी गावाची मांडणी नीट कळायला हवी.

नागपूरहून रामटेक साधारण पन्नास किलोमीटर. जबलपूरच्या रस्त्याने कामठी, कन्हान करत मनसरला यायचं आणि तिथून उजवीकडे वळायचं. रेल्वेही आहे, कन्हानहून फुटलेला फाटा रामटेकला येऊन संपतो. पुढे लाईनच नाही, म्हणून झोप लागली तरी स्टेशन चुकत नाही! मनसर बाजूने येताना आधी शीतलवाडी लागते. बाहेरच्यांना ती रामटेकच वाटते, पण तिची ग्रामपंचायत वेगळी आहे. मग बाजार, गांधी चौक, जुनी वस्ती. आणि या सगळ्याच्या डोक्यावर गड. आम्ही "मंदिरात जाऊन येतो" असं म्हणत नाही, "गडावर जाऊन येतो" म्हणतो.

गडावर चढायच्या वाटा तीन. गावातून पायऱ्यांची एक, अंबाळ्याहून पायऱ्यांची दुसरी, आणि तिसरी गाडीची सडक. ताई, तुमचं उत्तर तिसऱ्या वाटेत आहे. अंबाळ्याचे विधी आटोपले की पायऱ्यांच्या नादी लागू नका. गाडी फिरवून सडकेने वर या. शेवटच्या थोड्या पायऱ्या मात्र चुकत नाहीत. त्या सकाळी, ऊन चढायच्या आत करा, बाबांना मध्ये मध्ये बसू द्या. हातात प्रसादाची पिशवी उघडी धरू नका. वांदरं आपल्यापेक्षा हुशार आहेत, आणि बाबांच्या हातची काठीसुद्धा बघून घेतील.

अंबाळा म्हणजे डोंगराच्या कुशीतला तलाव. काठाने घाट आणि लहानमोठी देवळं. विदर्भातली कितीतरी घरं आपल्या माणसांच्या अस्थी इथेच आणतात, त्यामुळे इथली शांतता सहलीच्या शांततेहून वेगळी असते. फोटो काढायला येणाऱ्यांनी तेवढं भान ठेवावं, एवढंच म्हणतो.

आता पायऱ्या चढू शकणाऱ्यांसाठी. सगळे रामाच्या देवळाकडे धावतात आणि रामटेकमधली सगळ्यात जुनी गोष्ट वाटेतच मागे टाकून जातात. राम-लक्ष्मणाची मुख्य देवळं यादवकाळातली. लक्ष्मणाच्या देवळात यादव राजा रामचंद्राच्या काळचा शिलालेख आहे, म्हणजे तेराव्या शतकाचा शेवट. पुढे अठराव्या शतकात नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांनी गडाला पुन्हा वैभव आणलं. पण त्याआधी, पाचव्या शतकाच्या आसपास, इथे वाकाटकांची देवळं उभी होती. त्यातली काही अजून आहेत: केवल नरसिंह, रुद्र नरसिंह, त्रिविक्रमाचे अवशेष, महानुभावांना पूज्य असलेलं भोगराम, आणि तो वराह. वराहाच्या पोटाखालून जो सरपटत पार होतो तो पापमुक्त, अशी समजूत आहे. आमच्याकडे त्याचा निकाल पुण्यापेक्षा पोटाच्या घेरावर जास्त लागतो.

केवल नरसिंहाजवळ मात्र थांबाच. बसकं, लाल दगडाचं, बाहेरून अगदी साधं देऊळ आहे. आत बसलेला, गुडघा उभा केलेला मोठा नरसिंह. भिंतीत एक झिजलेला शिलालेख आहे. अभ्यासकांनी त्याचं वाचन केलंय त्यानुसार हे देऊळ प्रभावतीगुप्ता या राणीच्या मुलीने आईच्या पुण्यासाठी बांधलं. प्रभावती म्हणजे दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक आणि वाकाटक रुद्रसेनाची बायको. नवरा लवकर गेला, मुलं लहान, म्हणून राज्यकारभार तिने हाती घेतला. तिचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा आहे आणि तो रामगिरीस्वामीच्या पायाशी बसून दिल्याचं त्यात म्हटलंय. रामगिरी म्हणजेच हा डोंगर.

इथेच कालिदासाचा प्रश्न येतो. मेघदूतातला यक्ष रामगिरीवर राहतो. तो रामगिरी म्हणजे रामटेकच, असं वा. वि. मिराशींनी आयुष्यभर मांडलं. जुना टीकाकार मल्लिनाथ चित्रकूट म्हणतो, काहीजण सरगुज्याच्या रामगढचं नाव घेतात. मी रामटेकचा, तेव्हा माझं मत कशाला विचारता! पण गंमत बाजूला ठेवली तरी गुप्तांची लेक इथे राज्य करत होती आणि डोंगराला तेव्हा रामगिरीच म्हणत होते, हा पुरावा हलका नाही. गडावर कालिदासाचं स्मारक आहे, आणि 1997 साली संस्कृत विद्यापीठ रामटेकलाच आलं ते याच नावाने.

प्रभावतीची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचं नगरधन. रामटेकहून पाच-सहा किलोमीटरवर. लोक तिथला भोसलेकालीन किल्ला बघून परततात. पण त्याच गावात उत्खननात प्रभावतीच्या नावाची मातीची मुद्रा सापडलीय. मनसरच्या टेकडीवरही विटांचं मोठं बांधकाम उघडं पडलंय. ते प्रवरसेनाचं प्रवरपूर, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. एका हायवेच्या कडेला एवढं पडलंय आणि बसा नुसत्या धूळ उडवत जातात.

वेळ उरला तर पायथ्याचं शांतिनाथाचं जैन मंदिर आहे, आणि सूर नदीवरचा खिंडसी तलाव आहे. खिंडसीला बोटिंग होतं, पोरं खुश होतात. गर्दी आवडत असेल तर त्रिपुरी पौर्णिमेला या, नसेल तर ती तारीख टाळून या.

आणि परतताना बाजारात पान खा. रामटेकचं कपुरी पान एकेकाळी दूरवर जायचं, बरई समाजाचे पानमळे ही या गावाची जुनी ओळख. पानवेलीला सावली, ओलावा आणि रोज माणसाचा हात लागतो. तो हात आता शहराकडे निघालाय. म्हणून पानवाल्याला विचारा, पान कुठलं? "इथलंच" म्हणाला, तर दोन जास्त घ्या.