पिवळी वायर आणि आभाळातले लोणार
(अंतिम वर्ष, ई अँड टीसी)

हॉस्टेलच्या टीव्ही हॉलचा एक अलिखित नियम असतो : रिमोट ज्याच्या हातात, राज्य त्याचे. मॅच असली की रिमोट सीनियरकडे. मॅच संपली की तो खुर्चीखाली पडलेला असतो आणि कोणालाच नको असतो. अशाच एका रविवारी रात्री, मेस बंद, बाहेर पाऊस आणि सबमिशन डोक्यावर, अशा परिस्थितीत मी तो रिमोट उचलला. चॅनेल बदलता बदलता एक प्रवासाचा कार्यक्रम लागला. सगळी दृश्ये आकाशातून घेतलेली. आधी कुठलासा किल्ला, मग नदी, आणि मग एक गोल हिरवी वाटी.

मी ओरडलोच, "अरे, हे आपलं लोणार!"

मी लोणार तालुक्यातला. शाळेची सहल, पाहुणे आले की त्यांना दाखवणे, असे करत सरोवराच्या काठावर किमान पन्नास वेळा उभा राहिलो असेन. पण काठावरून ते कधी पूर्ण गोल दिसत नाही. समोरचा काठ दिसतो, डावा-उजवा अर्धवट, बाकीचे आपल्या मनाने भरायचे. त्या रात्री पहिल्यांदा ते एका नजरेत दिसले. म्हणजे, दिसायला हवे होते. कारण शेजारचा मित्र म्हणाला, "कशावरून बे लोणार? शेवाळलेलं डबकं दिसून राह्यलं."

त्याचे चुकले नव्हते. चित्र खरोखरच पुसट होते. कोपऱ्यात चॅनेलच्या नावापुढे 'एचडी' लिहिलेले, टीव्हीच्या काचेवरही 'फुल एचडी'चे स्टिकर, दर महिन्याला एचडी पॅकचे पैसे, आणि चित्र असे! मी टीव्हीच्या मागे हात घातला. सेट टॉप बॉक्समधून टीव्हीकडे येत होती ती पिवळी-लाल-पांढरी जुनी वायर. एचडीएमआय केबल टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेली. हॉलमध्ये तेव्हा ई अँड टीसीचे अकरा जण बसलेले होते. कोणीही कधी मागे वाकून पाहिले नव्हते. मी पण नाही. त्या लाजेपोटी हा लेख.

पिवळी वायर अडवते कशी?

आपला जुना टीव्ही, म्हणजे एसडी, एका चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके दाखवतो. गुणाकार करा : ४,१४,७२०. फुल एचडीमध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६००. बरोबर पाचपट.

पिवळी वायर हा कंपोझिट व्हिडिओचा रस्ता. त्यात चित्राचा उजेड आणि रंग दोन्ही एकाच तारेतून, अॅनालॉग रूपात जातात. पाल पद्धतीत उजेडासाठी साधारण ५ मेगाहर्ट्झची जागा मिळते आणि रंग ४.४३ मेगाहर्ट्झच्या उपवाहकावर स्वार होऊन त्याच जागेत घुसतो. एचडीच्या उजेडाला एकट्यालाच ३० मेगाहर्ट्झच्या आसपास जागा लागते. तेव्हा बॉक्स काय करतो, आलेले एचडी चित्र आधी एसडी करतो, मग वायरीत घालतो. टीव्ही ते पुन्हा ताणून मोठे करतो, पण एकदा गेलेला तपशील परत येत नाही. आपण पैसे पाच पोत्यांचे भरत होतो आणि घरी एक पोतं आणत होतो.

वायर बदलल्यावर दोन गोष्टी तपासा. बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट १०८० वर आहे ना, आणि टीव्हीचा पिक्चर मोड 'व्हिव्हिड' वर नाही ना. शोरूमच्या झगमगाटात टीव्ही उठून दिसावा म्हणून व्हिव्हिड मोड असतो. त्यात आपल्या काळ्या मातीची शाई होते आणि कपाशी पोपटी होते. 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' मोड लावा. पहिल्या दिवशी फिका वाटतो, तिसऱ्या दिवशी तोच खरा वाटतो.

सतरंजीवाल्यांचा विजय

आता गंमत ऐका. निरोगी डोळ्याला सुमारे एक आर्कमिनिट, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा ओळखता येतो. आपल्या हॉलमधला टीव्ही ४३ इंची. त्याच्या पडद्याची उंची साधारण साडेत्रेपन्न सेंटीमीटर. त्याला १०८० ने भागा, एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. हा ठिपका एका आर्कमिनिटाएवढा दिसतो १.७ मीटर अंतरावरून. म्हणजे एचडीचा पूर्ण फायदा हवा तर साधारण तेवढ्या अंतरावर बसायचे. हेच गणित एसडीचे केले तर उत्तर येते ३.२ मीटर. त्याच्याही मागे बसलात तर चांगल्या एसडीतला आणि एचडीतला फरक डोळ्याला जवळजवळ कळणारच नाही.

सोपा नियम : पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतर. आपल्याकडे सीनियर मंडळी मागच्या भिंतीला टेकून खुर्च्यांवर बसतात, सहा मीटरवर. ज्युनियर पुढे सतरंजीवर. थोडक्यात, इतकी वर्षे एचडी पाहण्याची जागा फर्स्ट इयरवाल्यांकडे होती. हे गणित मी नोटीस बोर्डावर लावल्यापासून सतरंजीवर जागा मिळेना.

हेलिकॉप्टर हलते, चित्र का हलत नाही?

एस.टी.च्या शेवटच्या सीटवर बसून मोबाइलने शूटिंग करून बघा. हेलिकॉप्टर त्याहून जास्त थरथरते. आता समजा कॅमेरा झूम करून फक्त २ अंशाचा तुकडा टिपतोय. २ अंशात १९२० ठिपके, म्हणजे एका ठिपक्याला अंशाचा हजारावा भाग. कॅमेरा नुसता ०.१ अंश हलला तरी चित्र शंभर-एक ठिपके सरकले. पाहणाऱ्याला भोवळच यायची.

यावर उपाय म्हणजे जायरो-स्टॅबिलाइज्ड गिंबल. कॅमेरा एका गोळ्यात, एकात एक बसवलेल्या फिरत्या कड्यांवर टांगलेला असतो. जायरो दर क्षणी सांगतो की किती आणि कुठे वळलो, आणि मोटारी तेवढेच उलट वळवतात. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरमध्ये जो फीडबॅक लूप आपण मार्कांसाठी पाठ करतो, तोच इथे उडतो आहे. बीबीसीची 'प्लॅनेट अर्थ' ही मालिका २००६ साली आली. तिच्यात सिनेफ्लेक्स नावाचा असा गिंबल हेलिकॉप्टरला लावून खूप उंचावरून, जनावरांना न बिचकवता, लांडग्यांची आणि रानकुत्र्यांची शिकार सलग टिपली गेली. ती बीबीसीची एचडीत चित्रित केलेली पहिली निसर्गमालिका. नंतर २००९ मध्ये फ्रेंच छायाचित्रकार यान आर्त्युस-बर्त्रां यांचा 'होम' हा जवळजवळ सगळा आकाशातून घेतलेला चित्रपट आला, आणि २०२० मध्ये नॅशनल जिओग्राफिकवर 'इंडिया फ्रॉम अबव्ह'. आपल्या मराठीत याचे मोठे काम झाले ते स्थिर छायाचित्रांत : उद्धव ठाकरे यांनी हेलिकॉप्टरमधून टिपलेल्या किल्ल्यांचे 'महाराष्ट्र देशा' आणि वारीचे 'पहावा विठ्ठल'. आज तोच गिंबल लहान होऊन ड्रोनच्या पोटाखाली बसला आहे.

पाणी आणि पानं : कॉम्प्रेशनची परीक्षा

एचडीचे एक सेकंदाचे कच्चे चित्र किती मोठे असते? १९२० × १०८० × २५ चित्रे × १६ बिट, म्हणजे जवळपास ८३ कोटी बिट. डिशवरून येणाऱ्या एका चॅनेलच्या वाट्याला सेकंदाला एक कोटी बिट आले तरी चंगळ. उरलेले ८२ कोटी गेले कुठे? ते पाठवलेच नाहीत. एमपीईजी-४ पद्धत चित्राचे छोटे चौकोन पाडते आणि सांगते, "हा चौकोन मागच्या चित्रात होता तोच, फक्त चार ठिपके डावीकडे सरकव." बातम्या देणाऱ्या निवेदकाचे नुसते ओठ हलतात, त्यामुळे तिथे हे स्वस्तात जमते.

आकाशातून मात्र सगळेच चित्र सरकत असते. डोंगर सरकला तर ठीक, तो घट्ट वस्तू आहे. पण पाण्याच्या लाटा आणि वाऱ्याने हलणारी पाने दर क्षणी नवीन असतात, त्यांना 'मागचेच' म्हणता येत नाही. बिट कमी पडले की पाण्यावर चौकोन-चौकोन दिसू लागतात. म्हणून चॅनेलची किंवा टीव्हीची खरी परीक्षा घ्यायची असेल तर हिरोचा चेहरा बघू नका, जंगलावरून उडतानाचे दृश्य बघा. आणि पावसाळ्यात चित्रच गोठले तर केबलला शिव्या देऊ नका. डिशचा सिग्नल ११-१२ गिगाहर्ट्झच्या आसपास येतो आणि जोरदार पावसाचे थेंब तो वाटेतच शोषून आणि विखरून टाकतात.

काय पाहायचे?

असे कार्यक्रम नुसते 'वा, काय सीन आहे' म्हणून पाहिले तर पंधरा मिनिटांत कंटाळा येतो. थोडा भूगोल माहीत असला की मजा येते. आपल्या बुलडाणा जिल्ह्याचेच घ्या. आपण सहज म्हणतो, "तो घाटावरचा, मी घाटाखालचा." वरून पाहिले तर ही खरोखर एक पायरी आहे. उत्तरेला सातपुडा, मग पूर्णेचे सपाट काळे खोरे, आणि मग अजिंठ्याच्या रांगेची उभी कड चढून पठार. कडेच्या अलीकडे पडलेला पाऊस पूर्णेतून तापीला आणि सुरतेजवळ अरबी समुद्राला. पलीकडे पडलेला पाऊस पैनगंगेतून किंवा खडकपूर्णेतून शेवटी गोदावरीला आणि बंगालच्या उपसागराला. एकाच जिल्ह्याचे पाणी दोन समुद्रांना! राजूर घाटात एस.टी. दम टाकते तेव्हा हे कोणाच्या लक्षात येते?

लोणारही तसेच. सरासरी १.८ किलोमीटर व्यासाचे आणि काठापासून दीडशे मीटरच्या जवळपास खोल असलेले हे विवर उल्कापाताने तयार झाले, तेही बेसॉल्ट खडकात, म्हणून जगभरचे अभ्यासक इथे येतात. वयाबद्दल मात्र दोन पद्धतींची दोन उत्तरे आहेत : एक सुमारे ५२ हजार वर्षे, दुसरे सुमारे ५ लाख ७० हजार. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले, तो रंग उपग्रहाच्या चित्रांतही टिपला गेला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो आल्याचे दिसले. त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जा मिळाला.

पडद्यावर ते दिसले की सावल्या बघा. सूर्य डोक्यावर असताना विवर सपाट ताटासारखे दिसते. सकाळी तिरप्या उन्हात एका बाजूची कड काळी होते आणि खोली एकदम कळते. शिवाय कॅमेरा उडत असताना जवळचा काठ भरभर सरकतो आणि पलीकडचा सावकाश. या फरकावरूनच मेंदू खोली मोजतो, म्हणून एका फोटोपेक्षा उडते चित्र जास्त खरे वाटते.

आजीचा प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीत तोच कार्यक्रम पुन्हा लागला. आमच्या घरचा टीव्ही ३२ इंची. तिप्पट अंतराच्या हिशोबाने मी आजीची खुर्ची सव्वा मीटरवर ओढली. लहानपणी मला "लांब बस, डोळे जातील" म्हणून ओरडणारी आजी, ती कशी ऐकते! पण बसली एकदाची. ती तरुणपणी दर नवरात्रात पायी खाली उतरून कमळजा देवीला जायची. आता गुडघ्यांमुळे दहा-बारा वर्षांत गेली नाही.

लोणार आले. काठावरचे गाव, झाडीचे वेटोळे, मधोमध पाणी. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "देवी कुठी हाये?" मी पाण्याच्या कडेला झाडीतला ठिपका दाखवला. "अन् मानसं?"

मी गणित सांगू लागलो. अख्खे विवर पडद्यावर मावले की १८०० मीटर पडद्याच्या उंचीतल्या १०८० ठिपक्यांत बसतात, म्हणजे एका ठिपक्यात साधारण १.७ मीटर जमीन. देऊळ काही ठिपक्यांचे होते. माणूस वरून जेमतेम अर्धा मीटर, तो एक ठिपकाही भरत नाही. आजीने ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हंजे मानूस मावतच न्हाई त्याच्यात."

नंतर ती अर्धा तास बोलत होती. उतरताना निसरड्या दगडांची वाट, पाण्याचा उग्र वास, धारेवर केलेली आंघोळ, डोक्यावरचे परडीचे ओझे. यातले काहीच एचडीत नव्हते. फोर-के आणले असते, तर एका ठिपक्यात साधारण ०.८ मीटर आला असता. माणसाने तेव्हाही पूर्ण ठिपका भरला नसता आणि तो ओळखू आला नसता.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच निघालो आणि खाली उतरलो. ड्रोन माझ्याकडे नाही, आणि असता तरी ते अभयारण्य आहे, तिथे वन खात्याच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. मोबाइल हातात धरून वाट, देवळाची पायरी, दार आणि आत जाणारी चार माणसे असे सगळे टिपत गेलो. गिंबल नसल्याने चित्र भरपूर हलते, माझा दम लागलेलाही ऐकू येतो. आजीने तो व्हिडिओ तीन वेळा पाहिला, खुर्ची स्वतःहून पुढे ओढून.

तेव्हा मित्रांनो, आकाशातून जरूर बघा. जिल्ह्याचा उतार, पाण्याची वाट, विवराची गोलाई, हे काठावर उभे राहून कधीच कळत नाही. फक्त त्याआधी आपापल्या हॉलमधल्या टीव्हीमागे एकदा हात घाला. पिवळी वायर निघाली तर रेक्टर सरांना विचारून बदला. नवी केबल बहुतेक खोक्यातच असेल.