गोलरक्षकाची उमेदवारी

उत्तर अमेरिकेत बर्फावरील हॉकीच्या सामन्यात संघाचे सहसा आघाडीचे बारा खेळाडू आलटून-पालटून उतरतात. गोलरक्षणास मात्र एका वेळी एकच उभा राहतो. त्यामुळे महाविद्यालयातून आलेल्या तरुण गोलरक्षकास व्यावसायिक संघात सहसा थेट स्थान लाभत नाही. त्यास प्रथम दुय्यम साखळीत उमेदवारी करावी लागते. जागा मोजक्या असल्याने अनेकांची वाटचाल तेथेच थांबते.

या उमेदवारीचे मोल कॉनर हेलेबक यांच्या उदाहरणावरून ध्यानी येते. लॉवेल येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडून ते दोन हंगामांत ५३ सामने खेळले. २०१४-१५ मध्ये दुय्यम ‘अमेरिकन हॉकी लीग’च्या एकाच हंगामात ५८. पुढील हंगामात विनिपेगच्या मुख्य संघाने त्यांना संधी दिली आणि २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट गोलरक्षकाचा वेझिना करंडक त्यांना मिळाला.