कर्णबधिरांशी संवाद : नजरेचा शिष्टाचार

ऐकू येणाऱ्या माणसांच्या संभाषणात नजरेला दुय्यम स्थान असते. स्वयंपाकघरातून ओसरीवर हाक मारून, पाठमोरे उभे राहून किंवा भाकरी थापता थापता मान वर न करताही बोलणे सुरळीत चालू राहते. कर्णबधिर व्यक्तीशी होणारे संभाषण मात्र ओठवाचनाने होवो, लिहून होवो वा सांकेतिक भाषेतून होवो, ते डोळ्यांवाटेच पोहोचते, आणि अशा संभाषणात पाळावयाचे बहुतेक संकेत या एकाच वस्तुस्थितीतून निघत असल्यामुळे ते घोकण्यापेक्षा समोरच्याला या क्षणी काय दिसते आहे, याचा विचार करणे अधिक उपयोगी ठरते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार बोलण्याच्या ध्वनिकंप्रतांवर दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती बधिर मानली जाते, तर ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असलेल्या व्यक्तीस कमी ऐकू येते असे धरले जाते. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या ५० लाखांच्या आसपास नोंदली गेली; पण या सर्वांना एका मापाने मोजता येत नाही. उतारवयात ऐकू येईनासे झालेल्या आजोबांची भाषा मराठीच राहते आणि त्यांना चिठ्ठी लिहून दिली की काम भागते. जन्मतः बधिर असलेल्या व्यक्तीला मात्र मराठी कानावर न पडता केवळ डोळ्यांनी शिकावी लागलेली असते, त्यामुळे तिच्या लिखाणात विभक्ती चुकल्या तर तो अशिक्षितपणा समजणे अन्यायाचे होते, आणि कार्यालयीन वळणाची लांबलचक चिठ्ठी तिच्यासमोर सरकवून आपले कर्तव्य संपले असे मानणेही बरोबर नाही. यास्तव कोणत्या पद्धतीने बोलणे सोयीचे होईल, हे त्या व्यक्तीलाच आधी विचारावे. बहुतेक बधिरांचे स्वरयंत्र निर्दोष असल्यामुळे त्यांना ‘मुके’ म्हणणे वस्तुस्थितीलाही धरून नाही.

लक्ष वेधण्यासाठी खांद्यावर हलकेच हात ठेवणे, नजरेच्या टप्प्यात हात हलवणे, टेबलावर थाप मारून कंप पोहोचवणे किंवा खोलीतला दिवा एकदोनदा चालू-बंद करणे, हे बधिर समाजात रूढ असलेले आणि सभ्य मानले जाणारे प्रकार आहेत. ओरडण्याचा उपयोग नसतो, उलट ओरडताना ओठांची ठेवण बिघडते आणि चेहरा रागावल्यासारखा दिसतो. श्रवणयंत्र लावलेल्यांनाही आवाज चढवून फारसा लाभ होत नाही, कारण ते यंत्र बोलण्याबरोबर पंख्याची घरघर आणि भांड्यांचा खणखणाटही वाढवते. चष्म्याने दृष्टी लख्ख व्हावी तशी श्रवणशक्ती यंत्राने पूर्ववत होत नाही.

ओठवाचन, म्हणजे ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखणे, हे कौशल्य लोकांना वाटते त्यापेक्षा फार अवघड आहे. पाट, माठ आणि बाठ हे तीन शब्द आरशासमोर आवाज न काढता उच्चारून पाहिले, तर ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. काळ आणि गाळ यांतला पहिला वर्ण तर घशाजवळ घडत असल्यामुळे दिसतच नाही. उरलेला अर्थ संदर्भावरून जुळवावा लागतो. म्हणून ‘माठ’ कळला नाही तर तोच शब्द चार वेळा म्हणण्याऐवजी ‘पाणी गार ठेवायचा माठ’ असे शब्द बदलून सांगावे. बोलणाऱ्याने खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये, कारण मागून येणाऱ्या उजेडात चेहरा काळवंडतो. तोंडात तंबाखूचा बार धरून बोलणाऱ्याचे बोलणे तर ऐकू येणाऱ्यांनाही कळत नाही.

भारतीय सांकेतिक भाषा ही मराठीचे वा हिंदीचे हातांनी केलेले भाषांतर नसून स्वतंत्र व्याकरण असलेली भाषा आहे. ‘तू कुठे राहतोस’ हा प्रश्न विचारताना ‘कुठे’ची खूण तीत शेवटी येते, आणि हो-नाही उत्तराचा प्रश्न उंचावलेल्या भुवयांनी ओळखला जातो, चेहऱ्यावरील भाव हा येथे अभिनय नव्हे, व्याकरण आहे. १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने शाळांत उच्चारशिक्षणाला प्राधान्य दिले, आणि त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे हात दडपले गेले. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ मध्ये १०,००० संज्ञांचा कोश प्रसिद्ध केला, तो या पार्श्वभूमीवर महत्त्वाचा ठरतो. खुणांनी बोलणाऱ्या दोघांच्या मधून जावे लागले, तर थबकून दृश्य अडवण्यापेक्षा किंचित मान लववून चटकन पुढे जाणेच सभ्यपणाचे मानतात. उलट बोलणे चालू असताना नजर दुसरीकडे वळवणे म्हणजे समोरच्याचे वाक्य मध्येच तोडणे.

दुभाषी, म्हणजे दोन्ही भाषांत बोलणे पोहोचवणारी प्रशिक्षित व्यक्ती, सोबत असेल तेव्हा अनेकांची गफलत होते. ‘यांना काय त्रास होतो?’ असे डॉक्टर दुभाष्याला विचारतात, आणि रुग्ण समोर बसूनही तिऱ्हाईत होतो. प्रश्न ‘तुम्हांला’ असाच, रुग्णाकडे पाहून विचारायला हवा. दुभाष्याने रुग्णाच्या थोडे समोर, डॉक्टरांच्या शेजारी बसावे, म्हणजे दोघेही एका नजरेत येतात. शेजारच्या किंवा घरातल्या मुलाला दुभाषी करणे तर टाळलेच पाहिजे, कारण आजाराची खासगी माहिती त्याच्या तोंडून वदवणे दोघांच्याही दृष्टीने अवघड असते. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या बधिर वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात दूरदृश्य पद्धतीने सांकेतिक भाषेच्या दुभाष्यामार्फत काम चालवले, तेव्हा ही व्यवस्था देशातील सर्वांत मोठ्या न्यायासनासमोरही शक्य असल्याचे दिसले.

सर्वांत जास्त उपेक्षा मात्र घरात घडते. बहुसंख्य बधिर मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात, आणि पंगतीत हशा पिकला की ‘काय झाले?’ या त्यांच्या प्रश्नाला ‘काही नाही, नंतर सांगते’ असे उत्तर मिळते. ते ‘नंतर’ बहुधा येत नाही. विनोद फुसका असला तरी तो तसा ठरवण्याचा अधिकार सर्वांना सारखाच आहे. एका वेळी एकानेच बोलावे, बोलण्याआधी हात वर करावा, विषय बदलला की तो नवा विषय पाटीवर किंवा मोबाइलवर दोन शब्दांत लिहून दाखवावा, आणि जेवणाचे पाट शक्यतो गोलाकार मांडावेत, म्हणजे सगळ्यांचे चेहरे सगळ्यांना दिसतात.