लीड्सचं वार्तापत्र : पुडिंगला पीठ कुठलं?

रविवारी दुपारी यॉर्कशायरमधल्या घरांत आणि पबांत ठरलेला बेत असतो. ओव्हनमध्ये भाजलेलं मांस, बटाटे, भाज्या, वरून ग्रेव्ही आणि सोबत यॉर्कशायर पुडिंग. पुडिंग असलं तरी हे गोड नसतं. अंडी, दूध, मीठ आणि पीठ एवढ्यावरच ते होतं. कडा उंच, कुरकुरीत; मध्ये खोल खळगा आणि त्यात ग्रेव्ही. जुन्या रीतीप्रमाणे ते मांसाच्या आधी वाढत. पोट निम्मं भरलं की महागाचं मांस बेतानं पुरायचं.

हॅना ग्लास या बाईंनी 1747 साली आपल्या पाकपुस्तकात याची कृती छापली. सुमारे लिटरभर दूध, चार अंडी, मीठ, आणि घट्टसर होईल इतकं पीठ. पिठाचं माप त्यांनी दिलंच नाही; करणाऱ्या हाताला ते ठाऊक असणार हे गृहीत होतं. आज मात्र इथला नवशिका स्वयंपाकी दुकानात पिठांच्या फळीपुढे गोंधळतो, कारण तिथे प्लेन, सेल्फ-रेझिंग आणि स्ट्राँग अशी तिन्ही पिठं ओळीनं मांडलेली असतात.

यातलं प्लेन घ्यावं. का, ते समजून घेण्यासारखं आहे. हे पुडिंग सोड्यावर फुगत नाही, वाफेवर फुगतं. कडकडीत तापलेल्या चरबीत पातळ पीठ पडलं की त्यातल्या पाण्याची वाफ होते. अंडं आणि गव्हातलं ग्लुटेन मिळून ती वाफ कोंडून धरतात, आणि कडा वर चढतात. सेल्फ-रेझिंगमध्ये बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते. ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स या बेकरनं 1845 साली त्याचं पेटंट घेतलं. केकला ते उत्तम, पण पुडिंगमध्ये बारीक बुडबुडे सगळीकडे पसरतात आणि खळगा न पडता ते मऊ, भरीव होतं. स्ट्राँग पिठात शंभर ग्रॅमला 12 ते 14 ग्रॅम प्रथिनं असतात. त्यानं उंची मिळते, पण पुडिंग चामट होतं. प्लेनमध्ये साधारण 9 ते 10 ग्रॅम असतात, आणि ती इथे पुरतात. पिशवीच्या पाठीवर हा आकडा छापलेला असतो. किमतीआधी तो वाचावा.

या भागात गहू पूर्वी सगळ्यांच्या ताटात नव्हता. पूर्व यॉर्कशायरच्या सपाट जमिनीत तो चांगला पिकतो. पण पश्चिमेच्या थंड, ओल्या डोंगराळ भागात ओट पिकायचा, आणि गरीब विणकरांच्या घरी त्याचीच पातळ पोळी, हॅवरकेक, व्हायची. इथल्या 33व्या पायदळ पलटणीला ‘हॅवरकेक लॅड्स’ हे टोपणनावच पडलं. मराठवाड्याला हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडेही रोजची ज्वारीची भाकरी आणि सणाला गव्हाची पोळी, असंच होतं.

म्हणून मला वाटतं, पिठाची पारख आपल्या बायकांना इथल्या पाककृतींच्या पुस्तकांपेक्षा जास्त आहे. गिरणीतून आलेल्या पिठाची चिमूट बोटांत चोळून त्या सांगतात, दळण जाड पडलंय की बारीक. ज्वारीचं पीठ जुनं होऊन विरी गेलं की भाकरी थापताना चिरते. मग आधणाचं पाणी घालून मळायचं, म्हणजे स्टार्च शिजून पिठाला धरबंध येतो. ज्वारीत ग्लुटेन नाही, हे शास्त्राचं नाव ठाऊक नसलं तरी त्यावरचा उपाय त्यांना ठाऊक आहे.

आता नांदेड-लातूरच्या स्वयंपाकघरात हे पुडिंग करायचं तर मैदा घ्यावा. लोकवनचं चक्कीवर दळलेलं पीठ नको. जात्याच्या घर्षणानं त्यातला स्टार्च जास्त मोडतो, म्हणून ते पाणी जास्त ओढतं. शिवाय कोंडा वाफ धरणारा पातळ पापुद्रा फाडतो. गहू चालत नसेल तर ज्वारीचं पीठ न वापरता कॉर्नफ्लोअर घ्यावं. त्यात ग्लुटेन नसलं तरी तो निव्वळ बारीक स्टार्च आहे, आणि वाफ धरायचं काम अंडं एकटं निभावतं.

माप असं: मैदा 140 ग्रॅम, अंडी 4, दूध 200 मिली, चवीला मीठ. गुठळी राहू देऊ नये. डाव उचलल्यावर धार न तुटता पडावी. अर्धा तास झाकून ठेवावं. साच्याच्या खळग्यांत थोडं थोडं तेल घालून ओव्हनमध्ये 220 अंशांवर धूर निघेपर्यंत तापवावं, पीठ ओतावं आणि 20 ते 25 मिनिटं दार उघडू नये. कडा पक्क्या होण्याआधी गार हवा शिरली की पुडिंग बसतं. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनं 2008 साली जाहीर केलं, की चार इंचांपेक्षा बुटकं ते यॉर्कशायर पुडिंगच नव्हे. इथली माणसं या बाबतीत इतकी काटेकोर आहेत.

शिकायला इकडे येणाऱ्या मुलामुलींना एक आवर्जून सांगणं. परंपरेनं हे पुडिंग गाईच्या चरबीत करतात. पबमध्ये मागवण्याआधी, किंवा कोणी घरी जेवायला बोलावलं तर आधीच, नि:संकोच विचारावं. कित्येक घरांत आता सूर्यफुलाचं तेल वापरतात, आणि विचारल्याचा राग कोणी धरत नाही. उलट पुडिंगची गोष्ट काढली की यजमान खुलतात, आपल्या आजीची रीत सांगू लागतात. तेव्हा त्यांना भाकरीची रीतही जरूर सांगावी. पीठ कसं निवडावं यावर आपल्याकडेही सांगण्यासारखं पुष्कळ आहे.