‘फ्री’ म्हणजे मोकळे की फुकट?

इंग्रजीतला ‘फ्री’ हा शब्द दिसायला लहान, पण वागायला बिलंदर. रिकामी खुर्ची ‘फ्री’, तुरुंगातून सुटलेला कैदी ‘फ्री’ आणि साबणाच्या वडीबरोबर मिळणारा कंगवाही ‘फ्री’. मराठीने तो जसाच्या तसा उचलला, म्हणून आपले अडत नाही. बल्गेरियन भाषेत भाषांतर करणाऱ्याचे मात्र अडते. त्याला आधी ठरवावे लागते, हे मोकळे आहे की फुकट?

मोकळ्यासाठी बल्गेरियन शब्द आहे ‘स्वोबोदेन’. रिकामी खुर्ची, फावला वेळ, स्वतंत्र माणूस, सारे ‘स्वोबोदेन’. या शब्दाला इतिहासाचे वजन आहे. १८७६ साली तुर्की सत्तेविरुद्ध उठाव झाला, तेव्हा राइना पोपगिओर्गिएवा या तरुण शिक्षिकेने निशाण तयार केले. त्यावर ‘स्वातंत्र्य किंवा मरण’ अशी अक्षरे होती. त्यातले स्वातंत्र्य म्हणजे ‘स्वोबोदा’.

फुकटासाठी शब्द ‘बेझप्लातेन’. यातला ‘बेझ’ म्हणजे आपला ‘बिन’. बिनपैशांचे ते ‘बेझप्लातेन’. विमानतळावरचे ‘ड्यूटी फ्री’ दुकान ‘बेझमितेन’, म्हणजे बिनजकातीचे. ‘शुगर फ्री’चे होते ‘बेझ झाखार’. आणि हा ‘झाखार’ म्हणजे ग्रीकमार्गे तिकडे पोचलेली आपली शर्कराच! ‘फील फ्री’ म्हणायचे तर दोन्ही शब्द निरुपयोगी. तिथे आपल्यासारखेच ‘संकोच करू नका’ म्हणावे लागते.

इथपर्यंत गंमत झाली. पण हाच शब्द कायद्यात येतो तेव्हा गंमत संपते. युरोपीय मानवी हक्क कराराला बल्गेरियाने १९९२ साली मान्यता दिली. न्यायालयाची भाषा न समजणाऱ्या आरोपीला दुभाष्याची ‘फ्री’ मदत मिळावी, असे त्याचे सहावे कलम सांगते. त्याला जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलमध्ये ‘फ्री’ निवडणुकांची हमी आहे. बल्गेरियनमध्ये निवडणुका ‘स्वोबोदनी’ होतात, तर दुभाष्या मिळतो ‘बेझप्लातनो’. अदलाबदल झाली तर निवडणूक फुकटची आणि दुभाष्या मोकाट! सुदैवाने कराराचा फ्रेंच मसुदाही तितकाच अधिकृत आहे आणि त्यात दुभाष्यासाठी ‘विनामूल्य’ याच अर्थाचा शब्द आहे.

तरीही हे ‘विनामूल्य’ किती विनामूल्य, हा प्रश्न उरलाच. पश्चिम जर्मनीत तीन परदेशी आरोपींना, दोषी ठरल्यावर, दुभाष्याचा खर्च लावण्यात आला होता. १९७८ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला, की विनामूल्य म्हणजे कायमचेच विनामूल्य; शिक्षा झाली म्हणून मागाहून बिल पाठवता येणार नाही.

संगणकाच्या जगातही हेच. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली सुरू केलेल्या चळवळीतले ‘फ्री सॉफ्टवेअर’ हे वापरण्याच्या, अभ्यासण्याच्या, बदलण्याच्या आणि वाटण्याच्या स्वातंत्र्याचे. ते विकायलाही हरकत नाही. इंग्रजीत हे पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागते. बल्गेरियनमध्ये ‘स्वोबोदेन’ म्हटले की काम भागते.

शब्दांची कुळे पाहिली तर ही सारी माणसे एकाच घरातली निघतात. ‘स्वोबोदा’तला ‘स्व’ आपल्या ‘स्वातंत्र्या’तला. ‘फ्री’ आणि ‘फ्रेंड’ हे दोन्ही संस्कृत ‘प्रिय’चे नातलग, आणि बल्गेरियन भाषेत मित्राला म्हणतात ‘प्रियातेल’!

परक्या न्यायालयात उभ्या असलेल्या माणसाला मात्र या सोयरिकीचे काय होय? दुभाष्याचे पैसे आपल्याला भरावे लागणार की नाही, एवढेच त्याला कळायला हवे. ते उत्तर एका नेमक्या शब्दात लिहून ठेवणे, एवढेच भाषांतरकाराचे काम. पण ते ‘एवढेच’ थोडे नव्हे.